मुलाच्या गोळ्या आणि आईचा फोन

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्यातला मुद्द्याचा भाग आधी थोडक्यात मांडते. तुमचा मुलगा वीस वर्षांचा असून पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो आणि हॉस्टेलवर राहतो. जूनच्या अखेरीस त्याला फुफ्फुसाचा टीबी असल्याचे निदान झाले आणि सरकारी केंद्रातून मोफत औषधे सुरू झाली. महिन्याभरात खोकला गेला, ताप गेला, वजनही वाढू लागले. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या तुमच्या गावाहून रोज सकाळी सात वाजता त्याला फोन करून "गोळ्या घेतल्यास का?" असे विचारता आणि तो रोज "हो" म्हणतो. गणपतीत तो घरी आला तेव्हा कपडे धुवायला काढताना त्याच्या बॅगेच्या तळाशी गोळ्यांची एक पूर्ण आणि एक अर्धी पट्टी तुम्हाला सापडली. हिशेबाने त्या केव्हाच संपायला हव्या होत्या. त्यावरून घरात मोठा वाद झाला आणि मुलगा दोन दिवस आधीच पुण्याला निघून गेला. आता तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत: गोळ्यांची आठवण करून देणारे कोणते ॲप चांगले, रोज गोळ्या गिळतानाचा व्हिडिओ त्याच्याकडून मागवावा का, आणि तुमचे यजमान म्हणतात त्याप्रमाणे त्याच्या फोनमध्ये नजर ठेवणारे ॲप टाकून घ्यावे का.

या प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम या आठवड्यातच उरकायला हवे. ज्या गोळ्या राहून गेल्या, त्यांची खरी संख्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरांना कळली पाहिजे, आणि ती त्याने स्वतः सांगितलेली बरी. टीबीच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज घ्यायची असतात. हे डोस मोजून दिलेले असतात. दोन महिन्यांच्या टप्प्यावर थुंकीची तपासणी होते आणि पुढचे औषध ठरते. तुमच्या मुलाचा हा टप्पा नेमका आत्ता येऊन गेला असणार. मधले डोस चुकले असतील तर ते कसे भरून काढायचे, पुन्हा काही तपासण्या लागतील का, हे डॉक्टर ठरवतील. पण त्यांच्यापुढे "सगळे नियमित चालू आहे" अशी नोंद असेल तर त्यांचा निर्णय चुकीच्या पायावर उभा राहील. राहिलेल्या गोळ्या दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन हिशेब जुळवणे मात्र कटाक्षाने टाळावे. यातल्या काही औषधांचा यकृतावर ताण येतो, आणि डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, अन्नावरची वासना पूर्ण उडणे, दृष्टी धूसर होणे यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या डोसाची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्र गाठायचे असते.

मी भीती घालत नाही, पण चुकलेल्या गोळ्यांचे मोल किती असते हे तुम्हाला माहीत असावे. टीबीच्या औषधचाचण्यांमधली माहिती एकत्र करून 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असे आढळले की, दहातला एक किंवा त्याहून अधिक डोस चुकवणाऱ्यांमध्ये उपचार फसण्याचा वा आजार उलटण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होता. अर्धवट घेतलेल्या औषधांना जंतू सरावतात, आणि मग औषधांना न जुमानणारा टीबी होण्याची शक्यता वाढते. त्या टीबीची औषधे अधिक कडक असतात आणि त्यांचा त्रासही अधिक होतो. म्हणजे तुमची काळजी अवास्तव मुळीच नाही.

आता त्या पट्ट्यांकडे जरा शांतपणे पाहू या. तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात असे पत्रात लिहिले आहे. आईच्या जागी मीही कदाचित तेच म्हटले असते. पण त्याच्या सकाळचा विचार करा. सात वाजता फोन वाजतो तेव्हा तो झोपेत असतो. रिफॅम्पिसिन हे टीबीवरचे औषध असलेल्या या गोळ्या शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात आणि त्या घेतल्यावर अनेकांना मळमळते. मेसचा नाश्ता उशिरा, त्यानंतर लगेच प्रॅक्टिकल. खोलीत दोन मित्र आहेत आणि त्यांना त्याने टीबीचे सांगितलेले नाही, असे तुम्हीच लिहिता. तीन-चार मोठ्या लालसर गोळ्या एकदम घेताना कोणी पाहिले तर काय सांगायचे, हा प्रश्न त्याला रोज सकाळी पडतो. त्यातच आता त्याला बरे वाटते आहे, आणि बरे वाटू लागले की गोळी बंद करणे हा काही फक्त तरुणांचा दोष नाही. रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर सोडून देणारे आपले काका-मामा काय वेगळे करतात? तरुणपणी एवढेच वेगळे असते की, आजवर आई-वडिलांनी सांभाळलेली गोष्ट पहिल्यांदाच स्वतःच्या हातात आलेली असते आणि ती हातात ठेवण्यासाठी खोटे बोलण्याचीही तयारी असते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, फक्त आठवण करून देणारे ॲप तुमच्या मुलाची अडचण सोडवणार नाही, कारण त्याची अडचण विसरण्याची नाही. रोज सात वाजता आई फोन करते आहे, म्हणजे आठवण तर त्याला होतेच आहे.

हे मी केवळ अंदाजाने म्हणत नाही. मोबाइल आणि औषधे यांच्यावर गेल्या दीड-दोन दशकांत जगभर पुष्कळ काम झाले आहे आणि त्याचे निष्कर्ष वाचले तर उत्साह जरा आवरावा लागतो. चीनमध्ये टीबीच्या रुग्णांवर 36 जिल्ह्यांत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. काही जिल्ह्यांतल्या रुग्णांना फोनवर आठवणीचे संदेश जात, काही ठिकाणी गोळ्यांची अशी डबी दिली होती की ती ठरल्या वेळी वाजे आणि उघडल्याची नोंद ठेवे, काही ठिकाणी दोन्ही, तर काही ठिकाणी नेहमीचीच व्यवस्था. पाचातला एक किंवा त्याहून अधिक डोस चुकला असे महिने मोजले, तेव्हा नेहमीच्या व्यवस्थेत ते सुमारे 30 टक्के निघाले आणि नुसत्या संदेशांच्या गटात सुमारे 27 टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. डबीच्या गटात मात्र तेच प्रमाण 17 टक्क्यांवर आले. संदेश पाठवून पुढे कोणी काही करत नव्हते. डबीची नोंद मात्र डॉक्टर रुग्णासमोर उघडून पाहत आणि कुठे डोस राहिले यावर त्याच्याशी बोलत. माझ्या मते फरक पडला तो त्या बोलण्यामुळे.

केनियातले काम मला याहून अधिक बोलके वाटते. तिथे एचआयव्हीची औषधे नव्याने सुरू केलेल्या 538 जणांवर झालेली चाचणी 2010 साली प्रसिद्ध झाली. निम्म्या लोकांना दवाखान्यातून आठवड्यातून एकदाच, फक्त एकदाच, एक छोटा संदेश जाई. त्यात गोळीचा उल्लेख नव्हता, आजाराचाही नव्हता, "कसं काय?" एवढाच त्याचा अर्थ होता. दोन दिवसांच्या आत "ठीक आहे" किंवा "अडचण आहे" असे उत्तर द्यायचे. ज्याने अडचण कळवली किंवा ज्याचे उत्तरच आले नाही, त्याला नर्स स्वतः फोन करी. वर्षअखेर संदेश मिळणाऱ्यांपैकी 62 टक्के लोक औषधे नीट घेत होते, तर इतरांपैकी 50 टक्के. रक्तातला विषाणू आटोक्यात आलेल्यांचे प्रमाणही पहिल्या गटात जास्त होते. केनियातच पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत रोज संदेश आणि आठवड्याला संदेश यांची तुलना झाली. साप्ताहिक संदेशांचा उपयोग झाला, रोजच्या संदेशांचा झाला नाही. गिरणीच्या आवारात राहणाऱ्याला काही दिवसांनी भोंगा ऐकू येईनासा होतो, तसेच हे असावे.

आपल्याकडे काय झाले तेही सांगायला हवे, नाहीतर चित्र एकांगी होईल. दक्षिण भारतात एचआयव्हीच्या 631 रुग्णांना दर आठवड्याला यंत्राकडून जाणारा फोन आणि एक चित्रसंदेश अशी व्यवस्था करून पाहिली होती. 2014 साली तिचे निष्कर्ष आले आणि उपचारांच्या यशात काहीच फरक दिसला नाही. म्हणजे "आठवड्यातून एकदा" यातही जादू नाही. पलीकडे ऐकणारे माणूस आहे का, आणि अडचण सांगितली तर ते माणूस काय करते, यावर बरेच काही अवलंबून असते, असे मी या सगळ्यातून समजते. रोज सात वाजता येणारा तुमचा फोन हा आईचा असला तरी त्यात प्रश्न एकच, अपेक्षित उत्तरही एकच. "नाही" असे उत्तर दिले तर पुढे काय होईल हे मुलाला पक्के ठाऊक आहे. अशा प्रश्नाला "हो"शिवाय दुसरे उत्तर येणार कसे?

व्हिडिओचा तुमचा प्रश्न मात्र चांगला आहे, कारण ही पद्धत खरोखरच वापरात आहे. रुग्ण गोळी घेतानाचे चित्रण फोनवर करून पाठवतो आणि आरोग्य कर्मचारी ते सवडीने पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017च्या मार्गदर्शक सूचनांत तिला मान्यता दिली. इंग्लंडमधल्या 226 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2019 साली आले, त्यात केंद्रावर किंवा घरी कर्मचाऱ्यासमोर गोळी घेण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा व्हिडिओची पद्धत बरीच सरस ठरली: पहिल्या दोन महिन्यांत ठरलेल्या डोसांपैकी 80 टक्क्यांहून अधिक डोसांची नोंद व्हिडिओ गटातल्या 70 टक्के रुग्णांच्या बाबतीत झाली, तर जुन्या पद्धतीत ती 31 टक्क्यांच्याच बाबतीत होऊ शकली. रोज केंद्रावर जाण्यापेक्षा आपल्या वेळेला, आपल्या खोलीत चित्रण करणे लोकांना सोपे वाटले. पण ताई, ते व्हिडिओ पाहणारी व्यक्ती आई नव्हती. प्रशिक्षित कर्मचारी "आज मळमळले का?" असे विचारतो आणि फोन ठेवतो, आईने व्हिडिओ पाहिला की त्यात खोलीतला पसारा दिसतो, उतरलेला चेहरा दिसतो, मागे बसलेला मित्र दिसतो, आणि गोळी बाजूला राहून दहा वेगळे विषय निघतात. म्हणून केंद्रातून अशी काही सोय होत असेल आणि मुलाला ती मान्य असेल तर जरूर करा, पण ते व्हिडिओ तुमच्या फोनवर नकोत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोतच नकोत.

टीबीच्या उपचारात पाळतीचा इतिहास जुना आहे, आणि त्यातही तुमच्याच भागाचा संबंध येतो म्हणून जरा विषयांतर करते. एके काळी टीबी झाला म्हणजे माणसाने सॅनेटोरियमला, म्हणजे टीबीच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या रुग्णालयात, जायचे. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनेटोरियम तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या टीबी संशोधन केंद्राने एक धाडसी प्रयोग केला: रुग्णांच्या एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि दुसऱ्या गटाला दाटीवाटीच्या वस्तीतल्या आपापल्या घरीच औषधे दिली. 1959 साली निष्कर्ष आले तेव्हा घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झालेले दिसले. मात्र घरी दिलेली औषधे लोक घेतात का, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. त्यासाठी कर्मचारी अवचित घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीची तपासणी करत. पुढे गोळी समोर उभे राहून घ्यायला लावण्याची डॉट्स पद्धत आली, ती भारतात 1997 ते 2006 या काळात टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचली. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस औषधे असत. 2017पासून रोजची औषधे देशभर आली आणि रोज केंद्रावर येण्याची सक्ती व्यवहारात अशक्य झाली. तिथे मोबाइल आला.

आपल्याकडचा प्रयोग तर खास आपल्या सवयींतून आला आहे. 99डॉट्स नावाच्या या पद्धतीत गोळ्यांची पट्टी एका छापील पाकिटात बसवलेली असते. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला एक फोन नंबर दिसतो, आणि त्या नंबरला पैसे न पडणारा मिस्ड कॉल द्यायचा. कोणत्या दिवशी कोणता नंबर निघेल हे आधी कळत नसल्यामुळे पट्टी फोडल्याशिवाय कॉल देता येत नाही. कल्पना फार हुशार आहे. तरीही मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर इथल्या रुग्णांच्या लघवीतले औषध तपासून 2020 साली जेव्हा पडताळा घेतला, तेव्हा कॉलची नोंद आणि खरी गोळी यांचा मेळ बऱ्याच वेळा बसला नाही. काहींनी कॉल दिला होता पण लघवीत औषध नव्हते; त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे अनेकांनी गोळी इमानाने घेतली होती, फक्त कॉल द्यायचा राहिला होता. फोनला गोळी दिसत नाही. पट्टी फोडल्याचे, डबी उघडल्याचे, बटण दाबल्याचे तेवढे त्याला कळते.

यातूनच तुमच्या यजमानांच्या सूचनेचे उत्तर निघते. नजर ठेवणारे ॲप टाकलेत तर मुलगा कुठे आहे, रात्री किती वाजेपर्यंत जागा आहे, कोणाशी बोलतो आहे हे सगळे तुम्हाला कळेल. गोळी पोटात गेली का, एवढेच कळणार नाही. शिवाय तो सज्ञान आहे. त्याच्या नकळत त्याच्या फोनवर पाळत ठेवणे अयोग्य आहे, आणि ते त्याला कळेलच, कारण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलापासून फोनमधले ॲप लपवण्याची स्वप्ने आपण पाहू नयेत. त्यानंतर तो डॉक्टरांचेही ऐकेल की नाही, याची मला शंका आहे. ही सूचना कृपया बाजूला ठेवा. तुमच्या यजमानांनाही हे पत्र वाचायला द्या. रागाच्या मागे त्यांची भीतीच आहे हे मला दिसते आहे.

मग फोनचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे, फक्त तो मुलाच्या हातात हवा. त्याच्याशी बोलून पुढीलप्रमाणे काही ठरवता येईल असे मला वाटते.

सर्वात आधी गोळ्यांची वेळ. सात वाजता हा तुमचा आग्रह आहे, औषधाचा नाही. रोज साधारण एकाच वेळी, शक्यतो उपाशीपोटी, एवढे पथ्य आहे, आणि फार मळमळत असेल तर हलके काही खाऊन किंवा झोपण्याआधी घेतले तर चालेल का, हे केंद्रात विचारता येते. हे विचारण्याचा त्याला संकोच वाटत असेल. तो प्रश्न तुम्ही त्याच्या तोंडी घातलात तरी खूप झाले. वेळ त्याची त्याने ठरवली की मग अलार्म. त्यासाठी कुठलेही नवे ॲप लागत नाही. उलट बाहेरची ॲप्स अनेक अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे मागच्या मागे बंद पडतात आणि अलार्म वाजतच नाही. फोनमधले मूळचे घड्याळ सहसा असा दगा देत नाही. अलार्मला नाव द्यायचे ते "टीबीची गोळी" असे नको. फोन टेबलावर उलथा-सुलथा पडलेला असतो, पडद्यावर आलेले नाव रूममेट वाचतोच. "पाणी" म्हणा, "असाइनमेंट" म्हणा, त्याला सुचेल ते. आणि अलार्म वाजेल तेव्हा पट्टी हाताशी हवी. तीन बॅगांच्या तळाशी असलेली गोळी अलार्मने वर येत नाही. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूशेजारी, म्हणजे दात घासायच्या ब्रशपाशी किंवा चष्म्याच्या डबीत, एका दिवसाचा डोस आदल्या रात्रीच काढून ठेवावा, मात्र ओल लागणार नाही अशा रीतीने.

गोळी घेतल्यावर रिकाम्या झालेल्या पट्टीचा एक फोटो काढून तो फोनमध्येच ठेवण्याची सवय काही मुलांना आवडते. तो कोणालाही पाठवायचा नाही. महिन्याच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी "किती राहिल्या?" असे विचारले की अंदाजपंचे सांगावे लागत नाही, आणि "आज घेतली की काल?" असा गोंधळ झाला तरी उत्तर मिळते. सहा महिन्यांच्या औषधात हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. सरकारचे "टीबी आरोग्य साथी" नावाचे ॲपही आहे. निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीत टीबीच्या रुग्णाला मिळणारा क्रमांक, घालून स्वतःच्या उपचारांची नोंद त्यात पाहता येते. त्याला ते सोयीचे वाटले तर वापरावे, तुम्ही त्याचा पासवर्ड मागू नये.

आणि आता तुमचा फोन. रोजचा सात वाजताचा फोन बंद करा, असे मी मनापासून सुचवते. गप्पा मारायला रोज करा, हवा तेवढा वेळ करा, पण त्यात गोळीचा विषय नको. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस, समजा रविवारी संध्याकाळी, त्याला एक संदेश पाठवा. केनियातल्या नर्सने विचारले तसेच: "कसं काय चाललंय?" उत्तरे दोनच, "ठीक" किंवा "अडचण". "अडचण" असे उत्तर आले तर तुम्ही काय कराल हे मात्र आधी ठरवून त्याला सांगून ठेवायला हवे, कारण सगळी व्यवस्था तिथेच उभी राहते किंवा कोसळते. तुम्ही रागावणार नाही, "किती राहिल्या?" आणि "काय झालं होतं?" एवढेच विचाराल, वडिलांना लगेच सांगणार नाही, आणि गरज असेल तर केंद्रात फोन करायला त्याला मदत कराल. पहिल्यांदा "अडचण" येईल तेव्हा तुम्ही हा शब्द पाळता का, हे तो बारकाईने पाहील. तुम्हाला अवघड जाईल, याची कल्पना आहे. दोन दिवसांत उत्तरच आले नाही तर मात्र फोन करायचा, आणि हेही आधीच ठरलेले असावे.

त्याच्या खोलीतल्या मित्रांचे काय, हा प्रश्न तुम्ही ओझरता विचारला आहे. सांगायचे की नाही हे सर्वस्वी त्याच्यावर सोडा. पण सांगायला घाबरत असेल तर काही गोष्टी त्याला ठाऊक असाव्यात. योग्य औषधे नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो. ताट-वाटीतून टीबी पसरत नाही. आणि उपचाराला हातभार लावणारी व्यक्ती म्हणून सरकारी कार्यक्रमात आशा कार्यकर्तीच हवी असे नाही. रुग्णाच्या पसंतीची, विश्वासातली व्यक्तीही चालते. एखादा मित्र "घेतलीस ना रे?" असे जाता-जाता विचारतो तेव्हा त्यात आईच्या आवाजातली काळजी नसते आणि म्हणूनच ते ऐकले जाते. मात्र सुरुवातीपासून त्याच खोलीत राहणाऱ्या मित्रांची केंद्रातून तपासणी व्हायला हवी होती, आणि ती राहिली असेल तर नावाचा गवगवा न करता ती कशी करता येईल हे तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावे. त्यांना अशी परिस्थिती नवी नसते.

वजन वाढले, असे तुम्ही आनंदाने लिहिले आहे. आनंदाचीच गोष्ट आहे, फक्त टीबीच्या गोळ्यांची संख्या वजनाच्या गटावरून ठरते. वजन पुढच्या गटात गेले असेल तर संख्या बदलू शकते, तेव्हा तपासणीच्या दिवशी वजन करून घ्यायला विसरू नये. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची सरकारी रक्कम, जी नोव्हेंबर 2024पासून महिन्याला 1,000 रुपये झाली आहे, त्याच्या बँक खात्यात जमा होते का तेही त्यानेच पाहावे.

शेवटी दिवाळीचे. सुट्टीत तो गावी येईल तेव्हा गोळ्या संपण्याची खरी भीती आहे, कारण औषध पुण्याच्या केंद्रातून मिळते आणि सुट्टी लांबते. निक्षय क्रमांकावर रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते, किंवा निघण्याआधी पुरेसे औषध देता येते का हे विचारता येते. 1800-11-6666 हा निक्षय संपर्क या टीबीच्या सरकारी मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे. तो त्याच्या फोनमध्ये असू द्या, तुमच्याही असू द्या, आणि सुट्टीचे तिकीट काढतानाच त्याने केंद्रात तारीख सांगून ठेवावी.